बाकावरचं वाक्य

लाखनी, २० जुलै २०२५

ति. सरिताताईस,
जीवनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, उचललास तर हूं-हूं करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तू तुमसरला होस्टेलात होतीस तेव्हा मायचा निरोप मीच लिहायचो. तो हात अजून शाबूत आहे.

माय जाऊन महिना उलटला. विहाराच्या आवारात तिच्या नावाने दगडी बाक ठेवायचं आपण ठरवलंच होतं. बाक आला आहे, त्यावर कोरायचं वाक्यही मी निवडलं: "रडणे पुढे ढकलू नये. उशिरा रडणाऱ्याचे मन भरत नाही." खाली भगवान बुद्धांचं नाव. ओट्यावरच्या जुन्या कॅलेंडरवर होतं ते.

खरं सांगू? निवडताना तू डोळ्यांपुढे होतीस. मातीच्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि तू चहा कोणाचा राहिला ते विचारत फिरत होतीस. मामी म्हणाली, पोरगी दगड झाली. मला ते फार लागलं. मी मात्र अजून ऊठसूट रडतो, घरात सगळे चिडवतात.

पत्राला उत्तर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जीवन

तुमसर, २५ जुलै

चि. जीवनास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं.

मामीचं खोटं नाही. मला रडू येत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात जाते, पुस्तकं देते-घेते, घरी येते. चहा गोड की फिका कळत नाही. मायचा फोटो बघते तर फोटोच दिसतो. यात मी काही धरून ठेवलेलं नाही रे, हाताला लागतच नाही. अशात तू ते वाक्य कोरलंस तर त्या बाकावर मी बसू कशी? दर वेळी मायच मला बोल लावते आहे असं होईल. ते खरंच बुद्धांचं आहे का, याचा मी शोध घेईपर्यंत कोरू नकोस, एवढं ऐक.

शोध सुरू केला आहे. आमच्या ग्रंथालयात पाली ग्रंथांचे जेवढे मराठी अनुवाद आहेत तेवढे चाळले. त्यांत हे वाक्य नाही, याच्या जवळपासचंही नाही. मग तुझं कॅलेंडर छापणाऱ्या कमलेशच्या छापखान्यात गेले. तो म्हणाला, एका जुन्या स्मरणिकेतून घेतलं, तिथे हिंदीत होतं आणि खाली कोणाचंच नाव नव्हतं. सुविचार बिननावाचा असला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, म्हणून यानेच मोठं नाव टाकलं. वर म्हणाला, चांगल्याच माणसाचं टाकलं ना!

स्मरणिकेतलं मूळ असं: "रोना टालना नहीं। देर से रोए का दाना नहीं भरता।" दाण्याचं मन कमलेशने केलं. पण सांग, मुळात रडण्यात दाणा कुठून आला? ज्या लेखात ते आहे तो लिहिणारे भैय्याजी नावाचे निवृत्त हिंदी मास्तर इथेच राहतात. रविवारी जाते.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

लाखनी, २९ जुलै

ति. ताईस जयभीम.

रागावू नकोस, पण तू रडत नाहीस म्हणून वाक्यच खोटं पाडायला निघालीस का? वाक्य कोणाचंही असो, खरं तर आहे. कोरणारा रोज विचारून राहिला आहे. पुढच्या आठवड्यात त्याला हो म्हणणार.

राग असला तरी जीव तुझ्यापाशीच आहे.

जीवन

तुमसर, ३ ऑगस्ट

चि. जीवनास आशीर्वाद.

भैय्याजींकडून आताच आले. थांब, त्या माणसाला हो म्हणू नकोस.

भैय्याजी मूळचे बालाघाटकडचे. नोकरी लागून नुकतेच इकडे आले होते तेव्हाची गोष्ट. लाखनीत महिला बचत गटाची शोकसभा होती, गटाच्या संस्थापक बाई वारल्या होत्या. आषाढ सरत आलेला, पाहुण्यांची भाषणं काही संपेनात. तेवढ्यात मागून एक बाई उठली, काहीतरी म्हणाली आणि तरातरा निघून गेली. पाठोपाठ सभाच्या सभा उठली. भैय्याजींना वाटलं, बाईला दुःख आवरेना. त्यांचे डोळे भरले आणि जे ऐकलं ते त्यांनी हिंदीत उतरवलं.

मी त्यांना विनवलं, ती जशी बोलली तसंच सांगा. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि तिच्याच ठेक्यात म्हणून दाखवलं: "रोवना समोर ढकलू नये. उशिरा रोवल्याचा दाना भरत नाई."

जीवन, रोवणा! धानाचा रोवणा! ती बाई रडण्याबद्दल बोललीच नव्हती. भाषण पुरे करा, आम्हाला धान लावायचं आहे, एवढंच म्हणत होती. रस्त्याने येताना मी एकटीच हसले. माय गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा सगळं बधिर.

त्या गटात आपल्या शेजारच्या शकुनबाई होत्या. ती बाई कोण, तेवढं त्यांना विचार.

वाट पाहते.

ताई

लाखनी, ९ ऑगस्ट

ति. ताईस जयभीम. वि. वि.

शकुनबाईला विचारलं. ती आधी पोट धरून हसली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, काहून विचारून राहिला बाबू, थे तुहीच माय होती. मेलेली बाई सोताच म्हणाली असती, जा माय, धान लावा, असं सांगत मंगलाबाईनं सगळ्या बायकायले धानाच्या बांधीत नेलं.

म्हणजे मायचंच वाक्य मी मायच्या बाकावर दुसऱ्याच्या नावाने कोरायला निघालो होतो.

आता एक ऐक. तुला सांगितलं नव्हतं. मायच्या बांधीतला रोवणा यंदा झालेला नाही. दुसऱ्यांच्या बांध्या हिरव्या झाल्या. मी रोज बांधावर जायचो, तिची जागा बघायचो, रडायचो आणि परत यायचो. वाफ्यात टाकलेले धानाचे परे लावणीवाचून पिवळे पडत चालले. ते वाक्य मी तुझ्यासाठी निवडलं आणि ते लागलं मला. त्या बाकावरून जाताना मान खाली मलाच घालावी लागणार होती.

कोरणाऱ्याला तिचंच बोलणं दिलं, जसंच्या तसं, "नाई"सकट. खाली मंगलाबाई तेजराम नंदेश्वर. तो म्हणाला, हे काय सुविचार आहे काय? मी म्हटलं, नाही, हुकूम आहे.

परवापासून रोवणा लावतो. शकुनबाई चार बायका घेऊन येते आहे. दाणा भरेल न भरेल. तू ये, ताई. रडू आलं तर ये, नाही आलं तरी ये. रोवणाऱ्या बायांच्या माना खालीच असतात, कोण रडतं नि कोण नाही ते तिथे कोणी बघत नाही.

जुनं लुगडं घेऊन ये, चिखल फार आहे.

तुझाच,
जीवन