बाबांनी ओळखलेला साग

पिस्कॅटवे, रविवार

तीर्थरूप बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

तुळई सागाचीच निघाली. लॅबचा रिपोर्ट काल म्युझियममध्ये आला आणि माझ्या बॉसने, पद्मिनीने, स्वतः फोन करून सांगितलं.

ती एका इंग्रजी लढाऊ जहाजाची समजून म्युझियमची पाटी छापायला निघाली होती: ओकचं जहाज, इंग्लंडमध्ये बांधलं, अकरा वर्षांत मोडीत. तुम्ही व्हिडिओ कॉलवर तुळई पाहिलीत आणि म्हणालात, “अगं, ओकमध्ये लोखंडी खिळ्याभोवती काळं पडतं, इथे पडलेलं नाही. हा साग आहे.” तेवढ्यावर मी छपाई थांबवली.

“तुझे बाबा फोनवरून लाकूड ओळखतात?” पद्मिनीने विचारलं.

“चाळीस वर्षं गोदीत सुतार होते,” मी म्हटलं. ठामपणे बोलले खरी, पण पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, त्यामुळे पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही. आता काळजी नाही.

त्याच नावाचं दुसरं जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं होतं. तुळई त्याची. अठ्ठावीस वर्षं त्याने तोफा वाहिल्या, मग चौदा वर्षं बंदरात इस्पितळ म्हणून उभं राहिलं. वीर शाळेत सगळ्यांना सांगत सुटलाय, “माय आजोबा न्यू इट!”

पण डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. आई रागावते ते बरोबरच आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

नवी पाटी शनिवारी लागेल. त्याआधी पद्मिनी तुम्हाला फोन करणार आहे. तुळईवर छिन्नीच्या तीन खुणा आहेत, त्या कशाच्या, हे तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

तुमची,
इला