हळद सायलीची, नाव माझं

आई,

प्रिय वगैरे आज लिहीत नाही. तू गेल्यापासून एकदाही तुझ्यावर चिडले नव्हते. आज नागोठण्याहून हळद आटोपून रोह्याला आले ती तणतणतच, आणि साडीसुद्धा न बदलता लिहायला बसले.

माझ्या नणंदेच्या सायलीची हळद होती. तिला पाटावर बसवलं आणि डीजेवाल्यानं स्पीकरवर तुझा आवाज सोडला. ‘वनिता बाय गो, बैस पाटावरी.’ वनिता! माझ्या लग्नात तू गायलेला धवला, माझ्या नावासकट! खाली धाडधाड ढोल, आणि सगळे नाचतायत. सायलीनं हळूच विचारलं, "मामी, माझं नाव कधी येनार गो?" काय सांगू तिला?

डीजेवाल्याला म्हटलं, बंद कर. तो हसला. "ताई, आवाज कसला भारी हाय! नावाचा काय येवढा? आमी सगळीकडं ह्योच लावतो." सगळीकडे! म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंत प्रत्येक नवरी वनिता म्हणूनच सासरी जाते?

आणि हे तुझ्यामुळे. हो, तुझ्यामुळेच!

आठवतं, तुझा सत्कार करायला पेणला स्टेजवर बोलावलं होतं? निवेदक म्हणाला, आता आपल्या धवलारीण काकू थोडं गातील. तू माइक बाजूला सारलास. "नवरी कुठं हाय? नवरीबिगर धवला कोनाला म्हनू?" शेवटी पुष्पगुच्छ धरून उभ्या असलेल्या मुलीला खुर्चीवर बसवलंस, तिचं नाव विचारलंस, तेव्हा कुठे तोंड उघडलंस. मिठागरातून थेट लग्नघरी जायचीस, तेही वाटेत नवरीचं, तिच्या आईचं, मामाचं नाव घोकत. नावाला एवढी जपणारी तू! मग माझ्या लग्नातलं रेकॉर्डिंग मागेल त्याला का वाटत सुटलीस?

मी ओरडले होते. तू म्हणालीस, "वाजू दे गो. लोकांना आवडतंय ना!" मग लोकांनी तुला बोलावणंच बंद केलं. कशाला बोलावतील? तुझ्याच आवाजानं तुला घरी बसवलं, आणि तू ओट्यावर बसून दुसऱ्या आळीच्या हळदीतला स्वतःचा आवाज ऐकत राहिलीस. एकदा तरी भांडायचंस!

माझं नाव घेताना तुझा आवाज फाटला होता, आई. तेवढ्या जागी तू धवलारीण नव्हतीस, नुसती माझी आई होतीस. त्या डीजेवाल्यानं नेमका तिथेच ढोल वाढवलाय. लोक तिथे शिट्ट्या मारतात. मला नाही सहन होत!

आणि मला का नाही शिकवलंस? किती मागे लागले होते! "लोकांच्या पोरी सासरी धाडन्यात माझा जलम गेला. तू कंपनीत लाग, सुखी ऱ्हा." लागले कंपनीत. शिफ्टवरून येते, जेवते, झोपते. धवला मला चार ओळींच्या पुढे येत नाही.

उद्या सायलीचं लग्न. नणंदेला फोन करून सांगितलंय, मांडवात स्पीकर लागणार नाही. लागलाच तर वायर मी उपटेन. धवला मी म्हणणार. येतो तेवढा तुझा, पुढचा माझ्या मनाचा. बेसूर होईल, बायका तोंडाला पदर लावून हसतील. हसू देत. पण सायली सासरी जाईल ती सायली म्हणूनच.

तू गुपचूप ऐकायचं. शिकवलं नाहीस, आता चुका काढायच्या नाहीत.

अजून न निवळलेली,
तुझी वने