न्हाणीघराची बिस्किटी फरशी

नशिराबाद
१३ जानेवारी २०२५

सौ. पुष्पाताई विहीणबाई यांना,
कामिनीचा सा. न. वि. वि.

परवा पूनमचं डोहाळजेवण तुम्ही थाटात केलंत. पोरीला हिरव्या साडीत बघून माझे डोळे भरून आले. पण पंगतीत, सगळ्यांसमोर, तुम्ही म्हणालात की नशिराबादला न्हाणीघर अंगण ओलांडून आहे, शहाबादीवर शेवाळ आहे, तिथे माझ्या सुनेला बाळंतपणाला कशी पाठवू. ताई, धुळ्याहून घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. मी गप्प बसले म्हणून आमच्या ह्यांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

राग आला, अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत. पण तुम्ही खोटं काय बोललात? म्हणून काल सकाळीच तोताराम मिस्त्रीला बोलावलं. मागच्या खोलीला लागून कोठीघर आहे, ते रिकामं करून तिथेच न्हाणीघर बांधायचं ठरलं. दहा फेब्रुवारीला पूनमला आठवा लागतो आणि आठवा लागल्यावर आपण लेकीला प्रवासाला काढत नाही. म्हणजे तिला यायचं तर नऊ तारखेपर्यंत. माझं सगळं लक्ष कॅलेंडरकडे आहे.

आता घोडं अडलंय रंगावर. ह्यांना चॉकलेटी फरशी हवी, कारण बागेतून आल्यावर केळीच्या चिकाचे हात कुठेही लागले की काळे डाग पडतात. पूनमने फोनवर एवढंच सांगितलं की आई, पांढरी नको. का ते आपल्या दोघींना माहीत आहे. गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात तिचं पहिलं गेलं ते दवाखान्याच्या पांढऱ्या बाथरूममध्ये. म्हणूनच हा विषय मी फोनवर काढत नाही. तुमच्या फोनचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि पूनमचे कान तिखट. जावई तेजसराव ठिबक सिंचनाचा माल न्यायला आठवड्यातून दोनदा जळगावला येतात, तेच आपले पोस्टमन.

राग ठेवलात तरी लोभ सोडू नका.

तुमची,
कामिनी


धुळे
१७ जानेवारी २०२५

सौ. कामिनीताईंस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पंगतीत बोलले ते बोलले. एकट्यात सांगायला हवं होतं हे आमच्या घरातून, म्हणजे प्रेमराजरावांकडून, चार वेळा ऐकून झालंय. तुम्ही पाचव्यांदा ऐकवू नका.

मी आडपडदा ठेवत नाही. इथे खोलीला लागून बाथरूम आहे, बटण दाबलं की गरम पाणी येतं, डॉक्टरीण पाच मिनिटांवर. मग पहिलटकरणीला इतक्या लांब कशाला पाठवायची, असं माझं मन म्हणतं. माहेरची रीत मी मोडणार नाही. पण तुमचं न्हाणीघर झाल्याशिवाय पाठवणारही नाही.

रंगातलं मला काही कळत नाही, मला स्वच्छता कळते. तुमच्या जुन्या न्हाणीत कोपरे काळे आणि भिंतींवर क्षाराचे पांढरे थर. कोवळ्या बाळाला तिथे आंघोळ घालायची आहे. हात फिरवला की बठ्ठं, अगदी सगळं, निघालं पाहिजे, अशी गुळगुळीत फरशी घ्या. खरबरीत फरशी मळ धरते, मग तुम्ही घासत बसाल आणि लेकीकडे बघणार कोण?

पूनमची तब्येत उत्तम. परवा मेथीचं आळण दोनदा मागून खाल्लं. तुम्ही जिवाला फार लावून घेता, तेवढं कमी करा.

आपली,
पुष्पाबाई


नशिराबाद
२४ जानेवारी २०२५

सौ. पुष्पाताईंना,
कामिनीचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणता जिवाला लावून घेऊ नका. ताई, मी जळगावच्या फरशीच्या दुकानात पाच वेळा जाऊन आले. आता दुकानदार मला बघून आधीच पाणी मागवतो. बाई गं, काय ते रंग! आयव्हरी, बेज, क्रीम, सँड, आणि मला सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. दुकानात पिवळ्या दिव्याखाली जी सायीसारखी दिसली, ती घरी आणून उजेडात ठेवली तर अगदी दवाखाना. तशीच परत नेली. दुसरी गुलाबी निघाली, तिसरी ओली केल्यावर मातकट.

मग मी चार तुकडे मागून आणले आणि कोठीघरातच भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, पाणी मारून बघायचे. हे म्हणाले की लेकीसाठी नवरा बघतानासुद्धा तू इतक्या फेऱ्या घातल्या नव्हत्यास. मी म्हटलं, म्हणूनच आता घालते. (तेजसरावांनी वाचलं तर गंमत म्हणून सोडून द्यायला सांगा.)

शेवटी एक बिस्किटी ठरली. उबदार आहे, उन्हात किंचित सोनेरी दिसते आणि पाण्याने बदलत नाही. एक फरशी जुन्या लुगड्यात गुंडाळून तेजसरावांबरोबर पाठवते आहे, पूनमला दाखवा.

तोतारामशी मात्र माझं वाजलं. ही भिंतीची फरशी आहे, खाली दुसरी, न चकाकणारी घ्या, असा त्याचा हेका. ती मी बोट फिरवून बघितली, खरबरीत होती. तुमचं पत्र डोळ्यांपुढे होतं. शिवाय खाली-वर एकच रंग असला की खोली मोठी दिसते. मी त्याला निक्षून सांगितलं की हीच खालीही बसव. तो तोंड पाडून कामाला लागलाय. लागू दे, विहीणबाईंना बोट ठेवायला जागा उरणार नाही.

मला दिवसभर एका जागी बसवत नाही. भाजी चिरताना उठते आणि मिस्त्रीच्या डोक्यावर जाऊन उभी राहते. दिवस पुरतील ना हो?

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कामिनी


धुळे
२९ जानेवारी २०२५

सौ. कामिनीताईंस,
स. न. वि. वि.

फरशी सुखरूप पोचली. पूनमने लुगडं सोडलं, फरशीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आता फरशी तिच्या उशाशी कोनाड्यात उभी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते की आमच्या आईने आणली. रंग चांगला आहे. मला कळत नाही, तरी चांगला आहे.

ताई, एक गोष्ट मनात डाचते आहे, ती लिहून टाकते. मला तिला पाठवायचंच नव्हतं. न्हाणीघर हे निमित्त. गेल्या वर्षी जे झालं ते ती माझ्या घरी असताना झालं. तुम्ही दवाखान्यात आलात, मला एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती जिना उतरली तरी मी खाली जाऊन उभी राहते. ती नजरेआड झाली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. या वेळी मूल हातात येईपर्यंत तिला माझ्या डोळ्यांसमोर ठेवायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

पण ती रोज मला विचारते की नऊ तारीख नक्की ना. परवा विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. मी हो म्हटलं. रविवारी, नऊला, मी आणि तेजस तिला घेऊन येतो. मऊ भात करून ठेवा.

आपली,
पुष्पाबाई


नशिराबाद
५ फेब्रुवारी २०२५

सौ. पुष्पाताईंना,
कामिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि आमचे हे लिहीत आहेत. अक्षर ओळखीचं वाटणार नाही. घाबरू नका, आधी पूर्ण वाचा.

सोमवारी न्हाणीघर पूर्ण झालं. इतकं सुंदर झालंय की शेजारच्या बायका बघून गेल्या. काल मनात आलं की बाळंतिणीला तेल लावणारी बाई येईल, अंगाचं तेल फरशीवर उतरेल, वरून ऊन पाणी, डाळीचं पीठ. तेव्हा आपणच एकदा बघावं. मी तळपायांना तेल चोळलं, दोन तांबे पाणी ओतलं आणि आत पाऊल टाकलं. दुसरं पाऊल टाकायची वेळच आली नाही. उजवं मनगट मोडलं, पाच आठवडे प्लॅस्टर.

(मी लीलाधर लिहितो. डोकंही आपटलं आहे, टेंगूळ आलंय, हे ती सांगत नाहीये.)

ह्यांचं म्हणणं असं की वर रबरी मॅट टाकू, मी पायरीवरून पडले असं सांगू, पोरीला येऊ द्या. मी रात्रभर हो म्हणत होते, ताई. तुमचं पत्र उशाशी होतं. नऊ तारीख चार दिवसांवर, खोली सारवून-पुसून तयार, पाळण्याच्या कड्या घासून ठेवलेल्या. मला ती इथे हवी आहे. दोन वर्षांत चार दिवसांपलीकडे माझ्याजवळ राहिली नाही. मॅट सरकली तर, एवढंच मनात यायचं आणि मी उठून बसायचे.

सकाळी ठरवलं. पूनमला पाठवू नका. ही फरशी उखडायची, खाली खरबरीत बसवायची, ती पक्की व्हायला दहा-बारा दिवस. तोवर आठवा लागतो. मोडक्या हाताने मी तिला उचलू शकणार नाही, बाळाला तर नाहीच. मिस्त्रीने सांगितलं होतं, ऐकलं नाही. चूक माझी. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही, तुम्हीच सांगा. तुमच्या डोळ्यांसमोर राहू दे. तिथे ती सुखरूप आहे.

(सांगून झाल्यावर ती न्हाणीघराचं दार लावून आली आणि तशीच बसून आहे. लीलाधर.)

रागवा, पण दुरावू नका.

कामिनी


धुळे
७ फेब्रुवारी २०२५

सौ. कामिनीताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी पूनमला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. ती रडली, खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली की आईने मॅट टाकून मला बोलावलं असतं तर आयुष्यात कधी कळलं नसतं. तिने खरं कळवलं, म्हणजे माझ्यापासून कुणी काही लपवणार नाही, आता मला भीती वाटत नाही. गेलं वर्षभर मी हे शब्द तिच्या तोंडून ऐकायला आसुसले होते.

चूक तुमची एकटीची नाही. गुळगुळीत घ्या असं कोणी लिहिलं होतं? तोंडपाटीलकी माझी आणि मनगट तुमचं मोडलं. मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तेजस ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन येईल. पूनम गाडीत नसेल. तो तुम्हाला न्यायला येतोय. बाळंतपण होईपर्यंत आणि पुढे सव्वा महिना तुम्ही इथे राहायचं. लेकीच्या सासरी राहायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, हे मला शिकवू नका. मीही त्याच रिवाजात वाढले आहे. तिला घर नको होतं हो, तुम्ही हव्या होतात. ते मलाच उशिरा कळलं. लीलाधररावांनी मागे फरशी बदलून घ्यावी आणि दर रविवारी जेवायला यावं.

प्लॅस्टर भिजू द्यायचं नाही, म्हणजे एका हाताने तुम्हाला आंघोळ जमत नसणार. इथे मी आहे. पाठ चोळून देईन, वेणी घालून देईन. मुलीच्या आईने तिच्या सासूकडून सेवा कशी घ्यायची असं मनात आणाल, तर पंगतीत बोलले होते त्याहून मोठ्याने बोलेन.

तुमची,
पुष्पा