अंकिताच्या माऊसचा आकडा

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

चि. अंकिता हिला मडिवाळमामाचे भरभरून आशीर्वाद. (पत्र पुरतं वाचायच्या आत ते घेऊन टाक. नंतर घेशील याची खात्री नाही.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. मामीचे गुडघे जिन्यावर बोलतात, सपाटीवर गप्प असतात. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? पुण्यात थंडी पडली का? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण मी फोनवर बोलायला लागलो की तुझी मामी पोळपाट सोडून शेजारी येऊन उभी राहते, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगायची माझी छाती नाही.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तू त्या बंदुकांच्या खेळाला हात लावत नाहीस म्हणे. माऊस डब्यात घालून कपाटावर टाकलास आणि कुणी विचारलं की "माझा हातच गेला" एवढंच म्हणतेस. त्यावर मी काय बोललो असेन? "छंद असतात, सुटतात," असं बोललो. अंकिता, तुझा हात कुठंही गेलेला नाही. घालवला तो मी. आता सविस्तर लिहितो.

दिवाळीत तू इकडे होतीस तेव्हाची गोष्ट. तुझे ते दोन खेळ, आणि दोन्हीकडं माऊस तेवढाच सरकवला तर आतला माणूस तेवढाच वळला पाहिजे म्हणून तू तीन दिवस खपलीस. माझी कारखान्यातली स्टीलची टेप मागून घेतलीस. तिचं एक टोक मी धरलं होतं (हे लिहिताना पेन अडतंय). माऊस बत्तीस सेंटिमीटर सरकला की माणूस एक पुरी गिरकी घेऊन पुन्हा समोर बघायला लागतो, हे दोन्ही खेळांत जुळलं तेव्हा तू टाळी मागितलीस आणि मी दिली. कशासाठी दिली ते मला कळलेलं नव्हतं.

मग तुझ्या मैत्रिणीच्या, इफ्राच्या टीममधल्या पाचव्या जागेची ऑनलाइन निवड आली. तिच्या आदल्या दिवशी मामी तुला करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला घेऊन गेली. मी घरी एकटा. तुझा लॅपटॉप पुसून ठेवावा म्हणून उघडला. (कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.) तू दाखवलेल्या जागी सहज डोकावलो, तर माऊसच्या वेगाचा आकडा एका खेळात ०.४ आणि दुसऱ्यात १.२७! आता बघ, मी चिंचोळी एमआयडीसीत सव्वीस वर्षं टॉवेलच्या मागांवर देखरेख करतो. सोळा मागांवर एकच आकडा, म्हणून सोळा टॉवेल एका मापाचे. एखाद्या मागावर वेगळा आकडा दिसला की तो हलगर्जीपणा. मला वाटलं, पोरगी दमली, एका ठिकाणी भरायचं विसरली. मी दोन्हीकडं ०.४ केलं आणि मोठं काम उरकल्याच्या समाधानात चहा करून प्यालो.

निवडीचा खेळ नेमका १.२७ वाला निघाला. जुळवाजुळव झालेली, त्यामुळे आकडा पुन्हा बघायचं तुझ्या मनातही आलं नाही. तू माऊस सरकवतेस आणि आतला माणूस लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा मान वळवायला तयार नाही. माऊस टेबलाच्या कडेला गेला, चिवड्याच्या ताटलीत घुसला, तरी पाठीमागून गोळ्या घालणारा तुला दिसेना. तुला वाटलं, धास्तीनं हात जड झाला. आणि मी तुझ्यामागं उभा राहून म्हणालो, "सराव कमी पडला." तू वळून बघितलंस आणि "व्हय मामा" म्हणालीस. ते "व्हय" माझ्या कानातून जात नाही.

मला हे कळलं गेल्या आठवड्यात. कारखान्यात एक नवा माग आला, वेगळ्या बनावटीचा. मी सवयीनं जुना आकडा घातला आणि जो टॉवेल निघाला तो नेसून न्हाणीघरातून बाहेर यायचं धाडस कुणी केलं नसतं. आमचा फिटर बिरुदेव कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सायेब, आकडा त्योच ठिवला म्हून टॉवेल त्योच येतोय व्हय? ही मशीन दुसऱ्या घरची हाय की. हिचं गणितच येगळं." सगळे हसले. मला मात्र तुझे दोन आकडे डोळ्यांपुढं दिसले, आकडे वेगळे होते म्हणूनच गिरकी सारखी होती, आणि मी तिथंच सुताच्या पोत्यावर बसलो. त्यांना वाटलं, साहेबांना टॉवेलचं लागलं.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. आठ दिवस रोज ठरवतो आणि रोज उद्यावर ढकलतो. ज्याला बल्ब बदलताना बायको "राहू द्या" म्हणते, त्यानं भाचीच्या खेळात बोटं घातली आणि वर तिलाच सरावाचे धडे दिले. मला फार लाज वाटते. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

तुझा,
मडिवाळमामा

ता.क. – त्या खेळात १.२७ च घाल. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, स्वतः टेप लावून मोज.

पुन्हा ता.क. – तुझ्या आईकडून नंबर घेऊन, कारखान्यातून फोन करून इफ्राला मी सगळं कबूल केलं. ती खूप हसली. म्हणाली, जागा अजून भरलेली नाही, रविवारी अकराला अंकितानं परत खेळून दाखवावं. फक्त ती स्वतःहून आली पाहिजे.

शेवटचं ता.क. – मामीला यातलं काही माहीत नाही. दर्शनाच्या आधी वाटेत तिनं स्वतः पेरू खाल्ला म्हणून पोरीचा हात गेला, असं तिनं मनाशी धरलंय, आणि तुझा हात परत येईपर्यंत दर मंगळवारी कडक उपास चालवलाय. आज सहावा. आत्ता ती उपाशीपोटी मला शेंगाची पोळी वाढते आहे आणि मी तूप घालून खातो आहे. तेव्हा विनंती एकच. रविवारी माऊस हातात घेतलास की तिला फोन कर आणि देवी पावली एवढंच सांग. माझं नाव घेऊ नकोस. देवीला काय सांगायचं ते मी करमाळ्याला जाऊन सांगतो.