अकरा मिनिटं पाठमोरे

१२ मे, रविवार
घसरलो. बावीस वर्षांनी खालच्या डिव्हिजनमध्ये. शेवटच्या मॅचला बरोबरी पुरली असती. तीन गोल खाल्ले.
मी रडलो नाही. पेनल्टी रडला. खरं नाव त्याचं कोणी घेत नाही. एरवी एवढी मोठी बस भर गर्दीतून शांतपणे चालवणारा माणूस, माझ्या खांद्याला नाक पुसत होता. उत्तर बाजू प्रेक्षक संघाचा सेक्रेटरी या नात्याने मी त्याला सांगितलं, दोष आपला नाही. फरशीवाल्याचा.
फरशीवाला म्हणजे आमचे माजी मालक. टाइल्सचा कारखाना. नऊ वर्षं क्लब त्यांच्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी विकून मोकळे झाले. पण मुळं तेव्हाच सडली होती. झाड आज पडलं, इतकंच.
घरी आलो तेव्हा बाबा रेडिओ बंद करत होते. माझ्याशी बोलले नाहीत. सुनेला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने, की डावीकडचा बचाव सताड उघडा होता. रेडिओवर दिसतं यांना.
तीन वर्षं मैदानावर फिरकले नाहीत. माझ्या शेजारची सीट मी दर वर्षी त्यांच्या नावाने रिन्यू करतो. तिच्यावर माझा डबा बसतो.
संकल्प: पुढच्या सीझनची पहिली मॅच बाबांबरोबर बघायची. शेजारी बसून.

१३ मे, सोमवार
कामात लक्ष नाही. सर्जिकलच्या चादरी मॅटर्निटीत गेल्या, मॅटर्निटीची दुपटी सर्जिकलमध्ये. मेट्रनचा फोन. म्हणाली, हॉस्पिटलची लाँड्री चालवताय की लॉटरी? मी म्हटलं, आमची टीम घसरलीय. तिने फोन ठेवला.
दुपारी इस्त्रीच्या रोलरपाशी उभा असताना लख्ख उमगलं. बाबा मैदानावर का येत नाहीत? फरशीवाल्यामुळे! त्याने क्लबची रया घालवली, म्हातारा जीव विटला. (तीन वर्षांपूर्वी स्टँडमध्ये मी बाबांना काहीतरी बोललो होतो, हे खरं. पण ती सूचना होती. पदामुळे द्यावी लागली.)
म्हणजे फरशीवाला दोषी, हे एकदा सगळ्यांच्या सहीने सिद्ध झालं की बाबा म्हणतील, तुझंच बरोबर होतं. की आलेच.
योजना: मतसंकलन. दोनशे फॉर्म. महिनाभरात काम फत्ते.

२१ मे, मंगळवार
बायकोने सकाळी पेपरातून वाचून दाखवलं. यंदा घरच्या मैदानावर आम्ही खाल्लेले गोल एकतीस. त्यातले चौदा पहिल्या अकरा मिनिटांत.
ती शाळेत गणित शिकवते. पेपर खाली ठेवून म्हणाली, पहिली अकरा मिनिटं तुम्ही लोक मैदानाकडे पाठ करून उभे राहता ना?
राहतो. तो निषेध आहे. खेळाडू अकरा, म्हणून मिनिटं अकरा. फरशीवाल्याच्या विरोधात तीन वर्षांपूर्वी ठराव झाला. मसुदा माझा.
ती म्हणाली, पण ते तर क्लब विकून गेले.
गेले. पण ठरावात मी 'पुढील ठराव होईपर्यंत' असं लिहिलं होतं. पुढचा ठराव करायला कोरम लागतो. चार वेळा सभा बोलावली, चारही वेळा भरली नाही. म्हणून अजून उभे राहतो. शिस्त म्हणजे शिस्त.
ती म्हणाली, म्हणजे आपलीच माणसं आपल्याकडे पाठ करून उभी आहेत, हे बघत ती पोरं मॅच सुरू करतात.
योगायोग आहे. आणि नसला, तर ही सवय आम्हाला लावली कोणी? फरशीवाल्याने. मुद्दा फॉर्मच्या प्रस्तावनेत घालणे.

२ जून, रविवार
फॉर्म येऊ लागले. अतिशय उत्साहवर्धक.
न्हावी: माणूस वाईट. पण त्याच्या काळात मैदानावरचे संडास बघायचे होतेत! पांढऱ्याशुभ्र टाइल्स, साबण, वर आरसा. आता नाक दाबून जावं लागतं.
लायब्ररीवाल्या बाई: त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मला तरी कुठे कळतं.
दातांचे डॉक्टर: दोन पानं भरून खेळाडूंचा उद्धार. मालकांबद्दल अवाक्षर नाही.
पेनल्टी: जुना परवडला. शिव्या द्यायला समोर जिवंत माणूस तरी होता. आता कंपनी आहे. कोणाच्या नावाने बोटं मोडायची, लेटरहेडच्या?
वर्गवारी केली. न्हावी, उघड विरोध (संडास वगळून). बाई, सौम्य विरोध. डॉक्टर, अप्रत्यक्ष विरोध. पेनल्टी, नकळत विरोध.
आजपर्यंत विरोध शंभर टक्के.
एक फॉर्म बाबांच्या चष्म्याखाली ठेवला. मुद्दाम काही बोललो नाही.

९ जून, रविवार
बाबांचा फॉर्म चष्म्याखालीच. चष्मा दिवसातून दहा वेळा उचलतात, पुन्हा त्याच्यावरच ठेवतात. विचार चालू असावा.

१५ जून, शनिवार
नवा विचार: जाब विचारायला थेट फरशीवाल्याकडे जायचं. जमलेली एकसष्ट मतं समोर टाकायची. त्याने कबुली दिली की बाबांना येऊन सांगायचं. भाषण पाठ केलं. रोलरवरच्या दोघी बायका तीन दिवस ऐकतायत. त्यांचंही पाठ झालंय.

१६ जून, रविवार. संध्याकाळ
गेलो होतो.
टाइल्सच्या शोरूममध्ये स्वतःच बसले होते. हातात काठी. खंगलेत. माझ्याकडे बघून चेहरा उजळला. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी भाषणाची सुरुवात आठवत होतो, तेवढ्यात तेच बोलले.
"तुम्ही उत्तर बाजूचे ना? फार ऊन यायचं हो तुमच्याकडे. बिचारे सगळे सुरुवातीला पाठ करून उभे राहायचात. मला वरून बघवायचं नाही. म्हणून ते हिरवं कापड लावून घेतलं. पण त्याने काही भागलं नसणार."
ते कापड आमचा फलक झाकायला लावलंय, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही ते फाडलं होतं. कात्री लाँड्रीची. हात माझा.
मी विचारलं, फलक वाचला नव्हतात? म्हणाले, कुठला फलक? पांढऱ्या चादरींची कड दिसायची थोडी. वाटायचं, उन्हासाठीच धरल्या असतील.
बाद चादरी जोडून मी स्वतः रंगवला होता. 'मालक, चालते व्हा'. वीस हात लांब. आम्ही पाठमोरे उभे, फलक पुढे धरलेला. म्हणजे त्याचं तोंड भिंतीकडे. तीन वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आज आलं, टाइल्सच्या दुकानात.
मग क्लब विकला का, असं विचारलं. म्हणाले, ब्लडप्रेशर. मी विचारलं, आमच्यामुळे? म्हणाले, छे हो, जावयामुळे.
नंतर त्यांनी शेवटच्या मॅचचं विचारलं. बरोबरीने भागत होतं ना, म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले. भाषण राहून गेलं. दुसऱ्याच्या दुकानात तरी किती बोलणार.
निघताना एक फरशी भेट दिली. घेतली. पुरावा म्हणून.
धूर्त माणूस. बाबांना यातलं काही सांगण्यासारखं नाही.

३० जून, रविवार
बाबांचा फॉर्म आला! चष्म्याखालून निघून माझ्या डब्यावर. शिसपेन्सिलीने, एकेक अक्षर कोरून काढलेलं.
माजी मालकांबद्दल आपले मत: मी त्यांना ओळखत नाही.
संघ घसरण्याचे मुख्य कारण: बचाव.
याला जबाबदार कोण: डावीकडचा.
इतर सूचना: समोर बघा.
'समोर बघा'! म्हणजे झालं गेलं विसरून पुढच्या सीझनकडे बघा. यापेक्षा स्पष्ट काय असणार. बायकोला दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाजी चिरायला घेतली. तिला फुटबॉलमधलं कळत नाही.
बाबांचं वर्गीकरण: मनातून पाठिंबा.

२१ जुलै, रविवार
सर्वसाधारण सभा. विषय एक: संघाच्या घसरणीस माजी मालकांना जबाबदार धरणे. विषय दोन: पाठ फिरवण्याचा ठराव चालू ठेवणे किंवा रद्द करणे. कोरम पंचवीस. हजर सात. त्यातले पेनल्टी आणि त्याचा मेहुणा डुलक्या काढत होते.
ठराव करता येईना, म्हणून चर्चा. पाऊण तास संडासांवर. न्हाव्याने आपला मुद्दा पुन्हा मांडला, या वेळी हातवारे करून. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना एक पत्र तरी लिहू या, बरं नसतं म्हणे. कोणाला, असं मी विचारलं. फरशीवाल्यांना, म्हणाल्या. सहा हात वर झाले. झोपलेल्या दोघांचेही.
मी अनुमोदन दिलं नाही. पत्र मात्र मलाच लिहायला सांगितलं. सेक्रेटरी मीच ना.
तर आता स्थिती अशी: फरशीवाला अधिकृतपणे दोषी नाही. पाठ फिरवणं अधिकृतपणे चालू. बाबांना अधिकृतपणे सांगायला काही नाही.

३ ऑगस्ट, शनिवार
पत्राची पाचवी प्रत फाडली. 'आपणांस लवकर बरे वाटो' इथपर्यंत येतं. पुढे 'आपल्यामुळेच' असं आपोआप लिहिलं जातं.

९ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या पहिली मॅच. आता आडवळणं पुरे. सरळ बाबांच्या खोलीत गेलो. सांगितलं, त्र्याऐंशी फॉर्म आले, त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी या ना त्या प्रकारे विरोधात. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. हवामान चालू होतं. मी विचारलं, उद्या येता का? ते रेडिओकडे बघून म्हणाले, गुडघा.
बाहेर येऊन बसलो. बायको वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, त्या दिवशी स्टँडमध्ये तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणाला होतात, ते कधी लिहून बघितलंत का?
रेकॉर्डसाठी लिहितो. आम्ही चारशे जण भिंतीकडे तोंड करून उभे. बाबा एकटे समोर तोंड करून बसलेले, आमच्या फटींतून मान वाकवून मॅच बघत. लोक मला म्हणायला लागले, अहो सेक्रेटरी, घरचं बघा आधी. तेव्हा मी म्हणालो, मोठ्याने: "बाबा, एक तर सगळ्यांसारखे फिरा, नाहीतर दुसरीकडे जाऊन बसा. मान खाली जाते माझी."
ते उठले. डबा सीटवर ठेवून गेले.
वाक्य दोनदा वाचलं. त्यात मालकांचा उल्लेख कुठेच नाही.
अर्थात, हे वाक्य बोलण्याची वेळ मुळात मालकांमुळेच
(खोडलं.)

१० ऑगस्ट, शनिवार
खालची डिव्हिजन. स्टँड अर्धा रिकामा. शेजारच्या सीटवर डबा ठेवला नाही, मांडीवर घेतला. उगाच.
शिट्टी झाली. नियमाप्रमाणे उठून पाठ फिरवली. पेनल्टी बसूनच राहिला. कशाला आता, म्हणाला. न्हावीही बसलेला. लायब्ररीवाल्या बाईंनी तर दुर्बीण आणली होती. मी म्हटलं, ठराव अजून रद्द झालेला नाही. सगळे समोर बघत होते. उलटा मी एकटा.
तिसऱ्या मिनिटाला वर तेराव्या रांगेत बायको दिसली. घरी वह्या तपासायच्या आहेत म्हणाली होती. तिच्या शेजारी बाबा, टोपी गुडघ्यावर.
दुसरीकडे जाऊन बसले होते. मी सांगितलं होतं तसे.
माझ्याकडेच बघत होते. मी हात केला. त्यांनीही हात केला. तळवा खाली, दोनदा. बस खाली. दिसत नाही.
बसलो. बसायचं म्हणजे मैदानाकडे तोंड करावंच लागतं, सीटच तशा आहेत. सातव्या मिनिटाला गोल खाल्ला. डावीकडून. या वेळी डोळ्यांनी पाहिला. सताड उघडा होता.
हाफटाइमला वर गेलो. काय बोलायचं ते पायऱ्या चढताना ठरवत होतो. तेरावी रांग आली, काही ठरलं नव्हतं. बाबांच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला एक जाडजूड गृहस्थ. मी पायरीवरच उभा राहिलो. मग बाबा म्हणाले, मला, थेट:
"डावीकडचा नवा आहे. घाबरलाय तो. कोणी ओरडलं की अजून घाबरतो."
मी हो म्हटलं.
दुसरा हाफ त्यांच्या पायाशी, पायरीवर बसून बघायला घेतला. पायऱ्यांवर बसायला मनाई आहे. सिक्युरिटीवाला आला, म्हणाला, साहेब, आपल्या जागेवर जा. मी बाबांकडे पाहिलं. ते मॅच बघत होते.
खाली येऊन माझ्या सीटवर बसलो. शून्य-दोन हरलो. फरशीवाल्याचं नाव आज कोणी काढलं नाही, मीसुद्धा.
पूर्ण पंचेचाळीस मिनिटं समोर बघितलं. बाबा मागे बसलेत हे माहीत असताना समोर बघत राहणं फार अवघड असतं.