तीनदा आवतण

३ मार्च १९९२
नवी वही, नवं काम. पळस्पे फाट्यावरच्या टायरवाल्याला रामराम केला. त्याआधी हॉटेल, त्याआधी वीटभट्टी. पाय एका जागी ठरत नाहीत माझे. पण सुकापूरची ही खोली आवडली. काम दीनानाथ मास्तरांकडं, ते रिटायर झालेत. पनवेलच्या आसपासच्या गावांत म्हाताऱ्या बायांची लग्नातली गाणी टेप करत हिंडतात. मशीन खांद्याला अडकवायचं, माइक धरायचा, लेव्हल लावायची, एवढं माझं काम. बटण वाढवलं की सुई चढते. लाल पट्टीत गेली की आवाज फाटतो. फार कमी ठेवलं तर नुसती खरखर. सुई लालच्या अलीकडं नाचती ठेवायची आणि बटण कितीवर होतं ते वहीत लिहायचं, ही मास्तरांची ताकीद. सातवी नापासाला एवढं जमेल. बाकी जागेत माझ्या मनचं लिहीन. या वेळी टिकायचं. लई दमलो हिंडून.

६ मार्च
गंगाबाईंच्या ओटीवर गेलो. त्या धवलारीण, म्हणजे इथल्या आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी बाई. आधी देवांना आवतण, मग घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन. शेवटी बोलावलेल्या सगळ्यांची परत पाठवणी. आज लग्न नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, नावं कुणाच्या घरची घेऊ? मी हसत माझ्याच घरची दिली. दादा, म्हणजे माझा बाप, दम्यानं गेला. थोरला भाऊ आनंदा विहिरीत. तिकडं परभणीकडं.

पहिल्यांदा बटण सहावर, आवाज फाटला. मग दोनवर, खरखर. चारवर बरोबर बसला. दर वेळी आवतण पहिल्यापासून म्हणायला लावलं.

"आरं पोरा, तीनदा बोलावलंस, आता बसवशील कुठं?" गंगाबाई म्हणाल्या. सगळे हसलो.

पाठवणीच्या तोंडाशी कॅसेट संपली. दुसरी खोलीवरच विसरलो होतो. मास्तरांना कळू नये म्हणून म्हटलं, मावशींचा आवाज बसलाय, पुढल्या आठवड्यात घेऊ. पाठवणी राहू देऊ नये, नुसती तोंडानं म्हणते, असं त्या म्हणत होत्या. मास्तर म्हणाले, घशाला त्रास नको. मी मशीन उचललं.

९ मार्च
मशीनची खरखर तपासायला मास्तरांनी दुपारी रिकामी खोली टेप करायला लावली. खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद, घामानं वही भिजली. लेव्हल ४. कुणी बोलत नव्हतं तरी सुई हलत होती. एक, दोन. एक, दोन. हेडफोनात पावलं, लांब डांबरी रस्त्यावरून येणारी. मास्तर म्हणाले, हायवे जवळ आहे.

११ मार्च
लेव्हल २. तरी पावलं मोठी झालीत. दोघं आहेत. एकाला धाप. दर दहा पावलांवर थांबून खोकतो. तो खोकला मी ओळखतो. दुसऱ्याची पावलं ओली वाजतात.

गंगाबाईंकडं पळत गेलो. आवाज खरंच गेलाय. ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. सून म्हणाली, तुमी गेलात तवापासून असंच हाय. पाठवणी दुसऱ्या कुणाला येत नाय. आणि पाठवणी झाली नाय तर पाहुणं एकटं जात नाय, बोलावणाऱ्याला संगती नेतात.

१२ मार्च
लेव्हल १. मास्तर पुण्याला. सेल काढले. सुई चालूच.

एस.टी. स्टँडपर्यंत पळालो. मशीन खोलीवर होतं, तरी पावलं कानात. मी वळलो की तीही वळतात. परत आलो. कुठवर पळायचं आता—

१३ मार्च
लेव्हल ०. सुई लाल पट्टीत.

दमलेत दोघं. परभणीपासून चालत, माझ्यामुळं. भीती वाटते, आणि त्यांचे पाय चेपून द्यावेत असंही—

पाठवणी म्हणून बघितली. ऐकलीच नाही कधी. पहिला शब्दसुद्धा—

दुपारचे दोन. सुई पडली. एकदम. पावलं थांबली.

उंबऱ्यात पाणी.

चटई एकच आहे. टाकली. दादा विचारतो, बसू कुठं. आनंदा बसत नाही. कोपऱ्यातल्या माझ्या चपला उचलून त्यानं माझ्या पायापुढं—