शाहिरांच्या जलशाची कॅसेट

दादा, तुम्ही ती कॅसेट चुलीत घातलीत तेव्हा मी जिंतुरात होतो. तिथल्या एका हॉटेलवाल्याकडं उरुसातली कव्वाली कॅसेटवर भरलेली आहे असं कुणीतरी बोललं, आणि मी मिळेल त्या ट्रकात बसलो. तुमच्या ह्या पोराचं सगळं असंच. शाळा सुटली, कॅसेटी सुटल्या नाहीत. दुकानातली गाणी मला नकोच असायची. मांडवात भरलेली पाहिजेत, ज्यात पेटीवाला खोकतो, मागून कुणी "खाली बस की रं" म्हणतं, मधेच लाईट जाते. असल्या कॅसेटी विकत मिळत नव्हत्या. टपरीवरून ट्रकच्या केबिनीत, तिथून आणखी कुठं, माझ्यासारख्याच फिरायच्या.

परत आलो तर पलीकडची वस्ती काळी पडलेली. नामांतराच्या वादात आपल्याच गावानं ती पेटवली होती. जलसा करणारे शाहीर आतच राहिले. त्यांचा आवाज मी जयंतीच्या मांडवात पुढं बसून भरला होता, आणि नेमकी तीच कॅसेट तुम्ही जाळलीत. "ह्यो आवाज घरात सापडला तर आपलं बी घर राहायचं न्हाई," म्हणालात आणि ताट पुढं सरकवलंत. भाकरीला प्लास्टिकचा वास येत होता. मी तीच खाल्ली.

तुम्ही वारल्यावर पिंगळीत शाहिरांची बायको भेटली, भावाकडं राहायला आलेली. "फोटो जळला, कपडे जळले," ती म्हणाली. "तू भरलं होतंस न्हवं, बाबा? आवाज तरी हाय का कुठं?"

मला आठवलं, एक नक्कल मी उसाच्या ट्रकवाल्याला दिली होती. त्याला शोधत गंगाखेडला गेलो. त्यानं ती भाच्याला दिलेली, भाच्यानं सायकलच्या दुकानात. मधे कारखान्यावर एकजण जुन्या भारुडाची कॅसेट घेऊन भेटला, तिच्यापायी चार दिवस तिथंच रेंगाळलो. शेवटी दुकानवाल्यानं खिळ्यांच्या डब्यातून काढून दिली.

पिंगळीला येऊन उसना आणलेला टेप शाहिरांच्या बायकोपुढं ठेवला आणि बटण दाबलं. नक्कल करायला आमच्याकडं वायर नसायची. दोन टेप समोरासमोर ठेवायचे, दाराला गोधडी लावायची आणि गप बसायचं. दर नकलेत गाणं थोडं मागं सरकतं. ढोलकी पत्र्यासारखी वाजत होती, शाहीर नदीच्या पल्याडून गायल्यासारखे. आणि एकदम जवळून, स्वच्छ, नक्कल करताना खोलीत डोकावलेले तुम्ही: "आरं ऊठ, जेवून घे. गार व्हायलंय."

तिनं मागं फिरवून पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

"तुझा बाप लय साफ ऐकू यायलाय, बाबा," ती म्हणाली. "आमचंच माणूस लांब गेलंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिनं कॅसेट काढली, पदरानं पुसली आणि पदराच्याच गाठीत बांधली.

दादा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला ठाऊक नाही, त्यामुळं खिशातच राहील. एक मात्र तुम्हालाच सांगतो. त्या दिवशी पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा शाहिरांच्या गाण्याची एक ओळ आठवायचा मी जीव तोडून प्रयत्न करत होतो. एकही येईना. कानात तेवढे तुम्हीच जेवायला बोलावत होतात.